तंबोऱ्याचा खर्ज पितळेचा का?

नौपाड्यात संध्याकाळी एखाद्या गाण्याच्या वर्गावरून जाताना तंबोरा जुळवत असल्याचा आवाज तुमच्या कानांवर आला असेल. तंबोऱ्याला तारा चार. मधल्या दोन ‘जोडी’च्या, षड्जात लावलेल्या, त्या बारीक आणि पोलादी. चौथी खर्जाची, एक सप्तक खालची; ती मात्र जाड आणि पितळी. लांबी सर्वांची सारखीच. मग पोलादी तारच सैल करून खर्ज का लावत नाहीत?

हिशेब करून पाहू. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात असते. समजा, तारेची कंप पावणारी लांबी १ मीटर, जाडी ०.३ मिलिमीटर आणि षड्ज सेकंदाला १४० कंपनांचा आहे. ताण येतो सुमारे ४.४ किलोग्रॅम वजनाइतका. खर्ज ७० कंपनांचा. कंपनसंख्या निम्मी करण्यासाठी ताण चौथाई करावा लागेल (परीक्षेत पुष्कळ जण इथे ‘निम्मा’ लिहितात!), म्हणजे जेमतेम १.१ किलोग्रॅम. एवढी ढिली तार छेडली की नुसती लोळते. उलट ०.५ मिलिमीटरची पितळी तार घेतली, तर तोच खर्ज ३.३ किलोग्रॅम ताणावर मिळतो.

जाड पोलादी तार का नको? पितळ पोलादापेक्षा किंचितच जड आहे, पण त्याचा ताठपणा जवळजवळ निम्मा. ताठ तारेचे उपस्वर आपल्या जागेवरून वर सरकतात, आणि तंबोऱ्याचे सारे वैभव उपस्वरांतच! मिरजेचे कारागीर घोडी घासून जवारी काढतात ती त्यांच्यासाठीच. घोडीच्या या करामतीवर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली लिहिले होते.

बरे, मग जोडीही पितळी का नसावी? ती तुटायची भीती. बारीक तार घेऊनही सुटका नाही. ताण कमी लागतो, पण छेदाचे क्षेत्रफळही तितकेच घटते. दर चौरस मिलिमीटरवरचा भार तोच राहतो. तो पोलाद सहज पेलते, पितळ तुटण्याच्या बेतास येते.

आता जोडी जुळवा. एक तार १४० आणि दुसरी १४१ कंपनांची असेल, तर आवाज सेकंदाला एकदा चढतो-उतरतो. कोणती तार चढी आहे, हे त्यावरून कळत नाही. म्हणून एकीचा मणी किंचित सरकवा. चढउतार जलद झाला, तर दिशा चुकली. मणी उलट सरकवा. मंदावला, तर तसेच पुढे जा, तो पार थांबेपर्यंत.