विमानाची प्रतिकृती आणि रंग

अनेक दिवस खपून जुळविलेली प्लॅस्टिकच्या विमानाची प्रतिकृती घाईने रंगविल्यास क्षणात विद्रूप होते. म्हणून प्रथम ती साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावी. तेलकट बोटांचे डाग राहिल्यास रंग धरत नाही. रंगाचा फवारा मोकळ्या हवेत मारावा. फवाऱ्याचा डबा फार जवळ धरला, तर रंगाचे ओघळ येतात; फार दूर धरला, तर रंगाचे कण वाटेतच सुकून पृष्ठभाग खरखरीत होतो. सुमारे २० ते २५ सेंटिमीटर अंतर योग्य होय. हात एकसारखा फिरता ठेवावा. एका जाड थरापेक्षा दोन-तीन पातळ थर चांगले. ओघळ आलाच, तर ओला रंग पुसू नये. तो पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने हळूच घासून पुन्हा पातळ थर द्यावा. घाईने बिघडलेले काम असे धीराने सुधारता येते.