झोपेत दात खाणे

जबलपूर हे नर्मदेकाठचे शहर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यार्थ्यांचे शहर बनले. १९४७ साली तेथे अभियांत्रिकी महाविद्यालय, १९५५ साली वैद्यकीय महाविद्यालय व १९५६ साली विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठास १९८३ साली राणी दुर्गावतीचे नाव देण्यात आले. अशा शहरातील एखाद्या वसतिगृहात, परीक्षा तोंडावर आली असता, मध्यरात्रीनंतर जात्यात खडे भरडल्यासारखा आवाज यावा, शेजारच्या विद्यार्थ्याने दचकून दिवा लावावा, आणि आवाज करणारा मात्र स्वस्थ झोपलेला दिसावा, ही गोष्ट मुळीच असंभाव्य नव्हे. सकाळी विचारले असता तो साफ नाकबूल करतो, आणि त्यात लबाडी नसते. झोपेत दात खाणाऱ्यास आपल्या सवयीची वार्ता बहुधा दुसऱ्याच्या तोंडूनच कळते.

मूल झोपेत दात खाऊ लागले की पोटात जंत झाले, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे म्हणतात. या समजुतीस निर्णायक पुरावा मिळालेला नाही. वरखालचे दात नीट जुळत नाहीत म्हणून ते घासले जातात, असे दंतवैद्यही दीर्घकाळ मानीत. तेही मत आता मागे पडले आहे. या क्रियेचा उगम दातांत नसून मेंदूत आहे. शास्त्रीय परिभाषेत तिला ‘ब्रक्सिझम’ म्हणतात.

निद्रा ही एकसारखी अवस्था नाही. सुमारे नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी ती उथळ, गाढ व स्वप्नमय होत जाते. उथळ निद्रेत मेंदू अधूनमधून काही सेकंद जागृतीच्या काठावर येतो आणि पुन्हा झोपेत बुडतो. त्या क्षणी हृदयाचे ठोके वाढतात व पाठोपाठ जबड्याचे स्नायू सेकंदास साधारण एकदा या लयीने आकुंचन पावू लागतात. अशी हालचाल निम्म्याहून अधिक निरोगी माणसांतही आढळते. काहींमध्ये ती वारंवार व जोराने होते आणि दातावर दात घासला जातो. प्रौढांपैकी सुमारे आठ टक्के लोक असे दात खातात, असा अंदाज आहे. बालकांत हे प्रमाण अधिक असून वाढत्या वयाबरोबर ते घटते.

हानी होते ती दंतवल्काची. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ; पण त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे झिजलेले दंतवल्क पुन्हा उगवत नाही. हाड मोडले तर सांधते, दाताचे तसे नाही. सकाळी जबडा आखडणे, कानशिले ठणकणे, थंड पाण्याने दात शिवशिवणे ही त्याची लक्षणे होत.

विद्यार्थ्यांच्या राहणीचा येथे संबंध येतो. चहा-कॉफी, तंबाखू व मद्य यांचे सेवन करणाऱ्यांत दात खाणे अधिक आढळते. रात्री दहा वाजता घेतलेल्या चहातील कॅफीनपैकी जवळजवळ निम्मे पहाटे तीनपर्यंत रक्तात टिकून राहू शकते. तरुण वयात शरीराचे घड्याळ मुळातच उशिराकडे झुकलेले असते. त्यात दिव्याचा वा मोबाइलच्या पडद्याचा उजेड त्यास आणखी मागे ढकलतो. जबलपुरात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. झोप लागण्यासाठी शरीराचे अंतर्गत तापमान किंचित उतरावे लागते, आणि तापलेल्या खोलीत ते सहजी उतरत नाही. अठरा ते पंचवीस वर्षांच्या वयास सात ते नऊ तास निद्रा हवी. ‘रात्र जागून काढली’ हे अभिमानाने सांगणाऱ्यास हा हिशेब क्वचितच ठाऊक असतो. मानसिक ताणाचा संबंध मात्र लोक समजतात तितका सरळ नाही. दिवसा, जागेपणी दातावर दात आवळून धरण्याशी तो अधिक निगडित दिसतो.

निश्चित गुणकारी असे औषध अद्याप नाही. दंतवैद्य दातांच्या मापाचे आवरण करून देतो. ते रात्री घालावयाचे असते. त्याने दात खाणे थांबतेच असे नाही, परंतु झीज दाताऐवजी आवरणाची होते. दात खाण्याबरोबर मोठे घोरणे व मध्येच श्वास अडखळणे असेल, तर दंतवैद्यापुरते न थांबता डॉक्टरांकडून तपासून घेणे आवश्यक असते, आणि अशा वेळी रात्री काय ऐकू आले हे खोलीतील सोबत्यानेच सांगावयास हवे.