एका मुलापुरता अभ्यासक्रम

इ. स. १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलर्ड यांनी मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. दादरची आजची कमला मेहता अंधशाळा ती हीच. साधन बदलले की शिक्षणाचे दार उघडते, हे मराठी मंडळीने असे फार पूर्वीच पाहिले. परंतु दोन अंध मुलेही एकसारखी नसतात. मग बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांना एकाच पाठ्यक्रमात कसे बसवावे? यास्तव एकेका मुलासाठी स्वतंत्र लेखी आराखडा करतात. त्यास वैयक्तिक शिक्षण कार्यक्रम म्हणतात.

अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने असा आराखडा बंधनकारक झाला. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने मुलाच्या गरजेनुसार सोयी, आवश्यक ते वैयक्तिक साहाय्य आणि प्रत्येकाच्या प्रगतीवर देखरेख ही शिक्षणसंस्थांची कर्तव्ये ठरविली. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक प्रमाणित झाले आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्कही त्याच कायद्याने दिला आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, बंगळूरच्या राजाजीनगरात एका मराठी घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे. त्यास बौद्धिक अक्षमता आहे. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषा त्याच्या कानी पडतात. त्याचा आराखडा कसा करावा?

१. आज काय येते ते प्रथम लिहावे. शिक्षिकेने इंग्रजीत अंक विचारले व मुलगा गप्प राहिला, तर ‘अंकज्ञान नाही’ अशी नोंद होते. तोच मुलगा घरी आजीला ताटे मांडताना ‘एक, दोन, तीन, चार’ मोजून देत असेल! चूक मुलाची नव्हे, प्रश्नाच्या भाषेची आहे. म्हणून पहिली तपासणी मातृभाषेत व्हावी आणि घरच्यांनी जे पाहिले तेही नोंदले जावे. मद्रासमध्ये तयार झालेल्या विकास-तपासणीच्या पद्धतीत १८ क्षेत्रे असून प्रत्येकात २० अशी एकूण ३६० कौशल्ये सोप्याकडून कठीणाकडे मांडली आहेत. जेवणे, कपडे घालणे, बोलणे, पैसे ओळखणे अशा गोष्टी त्यांत येतात. मुलाला काय येते, येथून तिचा आरंभ होतो.

२. ध्येय मोजता येईल असे असावे. ‘गणितात सुधारणा करणे’ हे ध्येय नव्हे. ती सदिच्छा झाली. ‘तीन महिन्यांत, मोठे माणूस सोबत असता, नंदिनीच्या दुकानातून दुधाची एक पिशवी मागून घेईल व नेमके पैसे देईल, पाचपैकी चार वेळा’ हे ध्येय झाले. येथे कन्नडचे दोन-चार शब्दही लागतील. ते शिकवावेत, कारण त्या दुकानात त्यांचा उपयोग आहे. परंतु तीनही भाषा लिहिण्याचा भार टाकण्यापूर्वी थांबावे. दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांची तरतूद वरील कायद्यात आहे.

३. एका कौशल्याच्या पायऱ्या कराव्यात. नाणी ओळखणे, रक्कम जुळविणे, पिशवी मागणे, पैसे देणे, उरलेले परत घेणे. प्रत्येक पायरीपुढे कोण शिकविणार, कोठे आणि आठवड्यातून किती वेळा, हे लिहावे. शाळेत खोटी नाणी व घरी खरी नाणी वापरली, तर मुलाचा गोंधळ होतो. दोन्हीकडे साधन एकच असावे.

४. ठरल्या दिवशी पुन्हा तपासावे. ध्येय साधले नाही, तर मुलाला दोष न देता पायरी लहान करावी, साधन बदलावे किंवा भाषा बदलावी. आराखड्याची ही दुरुस्ती अपयश नव्हे. तीच त्याची खरी उपयुक्तता होय.

दुर्दैवाने हा कागद पुष्कळदा केवळ तपासनिसांसाठी तयार होतो. नाव बदलून तोच मजकूर दहा मुलांच्या फायलींत जातो आणि आईवडील न वाचता सही करतात. मुलाचे एक वर्ष असे निघून जाते, व ते परत येत नाही. पालकहो, सहीपूर्वी एकच प्रश्न विचारा: या कागदावरचे नाव झाकले, तर हा माझाच मुलगा आहे हे ओळखू येईल काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर सही करू नका. शिक्षकांबरोबर बसा आणि तो पुन्हा लिहा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या परिचयातील एखाद्या दिव्यांग मुलाला येणाऱ्या पाच गोष्टी लिहा. त्यांपैकी किती शाळेला ठाऊक आहेत?

२. ‘मुलाने स्वावलंबी व्हावे’ या इच्छेचे तीन महिन्यांत मोजता येईल अशा ध्येयात रूपांतर करा.

३. आपल्या रविवारच्या शाळेत असे मूल आल्यास त्याच्यासाठी आपण कोणते साधन, कोणती भाषा व किती वेळ ठेवू?