चाउडरमधील दूध का फुटते?

प्रश्न : थंडीत भाज्यांचे चाउडर करताना दूध फुटते. दाटपणासाठी क्रीम लागतेच का?
— एक वाचक

उत्तर : क्रीम अनिवार्य नाही. चाउडर, म्हणजे अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात रुळलेले, मूळचे माशांचे व शिंपल्यांचे फोडीदार सूप, पूर्वी जहाजावरील कडक बिस्किटांनी दाट केले जाई. घरी ते काम बटाट्यातील पिष्ट उत्तम करते, म्हणून मका, गाजर व बटाटा शिजल्यावर त्यातील थोडा भाग घोटून परत मिसळावा. दूध फुटते ते आंबटपणाने आणि खळखळत्या उकळीने. त्यामुळे गरम दूध शेवटी, मंद आचेवर घालावे आणि नंतर उकळी येऊ देऊ नये. टोमॅटो हवाच असेल, तर मॅनहॅटन पद्धतीप्रमाणे दूधच वगळावे. उरलेले चाउडर 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे.