पाकीट असली की नकली? एनएफसी टॅगची चिप निवडताना

आमच्या कोरपना भागात मृग जवळ आला की वर्गातही कपाशीच्या बियाण्याचीच चर्चा असते. नववीतल्या एका मुलानं विचारलं, "सर, पाकिटावर कोड होता, स्कॅन केला तर कंपनीचंच नाव आलं. मग बियाणं उगवलं कसं नाही?" या एका प्रश्नावर माझे दोन तास गेले. तोच पाठ इथे मांडतोय.

आधी क्यूआर कोड. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये 'साथी' पोर्टल सुरू केलं. बियाणं कुठे तयार झालं, कोणाच्या हातून आलं, हे क्यूआर कोडवरून शोधता यावं हा त्यामागचा हेतू. माग काढायला ही सोय चांगलीच आहे. पण वर्गात मी एक कोड फळ्यावर चिकटवला, मोबाइलनं त्याचा फोटो काढला आणि दुसऱ्या मोबाइलनं तो फोटो स्कॅन केला. तीच माहिती उघडली! छापलेली गोष्ट पुन्हा छापता येते. प्रत्येक पाकिटाला वेगळा क्रमांक दिला, तर एकच क्रमांक दहा गावांत स्कॅन झाल्याचं नंतर लक्षात येईल. पण तोवर पहिल्या शेतकऱ्याची पेरणी होऊन गेलेली असते.

मग एनएफसी. स्टिकरच्या आत बारीक चिप आणि तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची गुंडाळी असते, बॅटरी नसते. फोन दोन-चार सेंटिमीटरवर आणला की फोनच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला वीज मिळते. दहावीतलं विद्युत चुंबकीय प्रवर्तन शिकवायला याहून स्वस्त साधन मला तरी सापडलं नाही.

बाजारात सर्रास मिळतात त्या एनटॅग २१३, २१५ आणि २१६. त्यांत अनुक्रमे १४४, ५०४ आणि ८८८ बाइट मावतात. मुलांना वाटलं, जास्त जागा म्हणजे जास्त चांगली चिप. तसं नाही. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे २१३ मध्ये जेमतेम चाळीसेक चिन्हं. पण टॅगवर फक्त छोटी लिंक ठेवायची आणि बाकी माहिती सर्व्हरवर, मग २१३ सुद्धा पुरते.

खरा प्रश्न जागेचा नाहीच. आम्ही एका २१३ वरचा मजकूर फुकटच्या अॅपनं दुसऱ्या कोऱ्या २१३ वर लिहिला, पाच मिनिटांत नक्कल तयार. चिपला कारखान्यातून सात बाइटचा स्वतःचा क्रमांक मिळतो हे खरं. पण तो क्रमांक कोणालाही वाचता येतो, आणि क्रमांक बदलता येणाऱ्या नकली चिपाही मिळतात. या चिपांमध्ये निर्मात्याची डिजिटल सही असते. ती 'चिप एनएक्सपी कंपनीची आहे' एवढंच सांगते, पाकिटात काय आहे ते नाही.

इथे मी परीक्षेचं उदाहरण दिलं. पाठ केलेलं उत्तर शेजारच्याचं पाहून लिहिता येतं. दर वेळी आकडे बदलून गणित घातलं, तर रीत येणाऱ्यालाच ते सुटतं. एनटॅग ४२४ डीएनए ही चिप असंच गणित सोडवते. तिच्या आत १२८ बिटांची गुप्त किल्ली असते, ती बाहेर वाचता येत नाही. फोन लावला की आतला मोजणी आकडा एकनं वाढतो, आणि किल्ली वापरून लिंकमध्ये नवा कोड तयार होतो. सर्व्हर तो तपासतो. कालची लिंक कुणी नकली टॅगवर टाकली, तर आकडा जुना म्हणून ती पकडली जाते.

ही चिप साधीपेक्षा महाग आहे. कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या बीजी-२ पाकिटाची कमाल किंमत २०२५ साली ९०१ रुपये होती. माझ्या मते एवढ्या किमतीला चिपचा खर्च झेपावा, कारण नकली निघालं तर शेतकऱ्याचा हंगामच जातो. गोदामातली खोकी मोजायला मात्र एनएफसी नको. तिथे फास्टॅगसारखा काही मीटरवरून वाचला जाणारा टॅग बरा.

आता अडचणी. चिप खरी, पण रिकामं पाकीट गोळा करून त्यात दुसरंच बी भरलं तर? त्यासाठी ४२४ चाच टॅगटॅम्पर प्रकार आहे. त्यातली बारीक तार पाकिटाच्या तोंडावरून घ्यायची. तोंड फाडलं की तार तुटते, आणि त्यानंतर फोन लावल्यावर 'उघडलेलं' ही नोंद कायमची होते. पाकिटाला अॅल्युमिनियमचा थर असेल, तर साधा टॅग मुका होतो, फेराइटचा थर असलेला घ्यावा लागतो. गावातल्या बऱ्याच स्वस्त फोनमध्ये एनएफसी नसतंच, म्हणून सोबत क्यूआर हवाच. दुकानदाराच्या फोनवर तपासा म्हणाल, तर ज्याच्यावर शंका त्यालाच पंच केल्यासारखं! ग्रामपंचायतीत एक फोन ठेवणं बरं. जिवतीच्या पहाडावर रेंज जाते, तेव्हा तपासणी रेंजमध्ये आल्यावरच.

एका मुलीनं शेवटी विचारलं, "आणि चोर बीटीचं काय, सर?" तणनाशक सहन करणाऱ्या त्या कपाशीच्या लागवडीला देशात परवानगी नाही. घेणारा ते जाणूनबुजून, बिलाशिवाय घेतो. तिथे फसवणूक लपवलेलीच नसते, मग चिप काय पकडणार? तो विषय तणाच्या निंदणीच्या मजुरीचा आहे. पुढच्या तासाला मुलं घरून एकरी निंदणीचा खर्च विचारून आणणार आहेत.