परदेशातील नर्सिंगची नोकरी : आधी हिशेब, मग पासपोर्ट

भोर-वेल्ह्याची माणसे पोटासाठी पुण्या-मुंबईला जातात, यात नवे काही नाही. वरंधा घाट उतरून महाडकडे गेले की आखाताची वाटही जुनीच आहे. आता आपल्या शिंपी, सुतार, फेरीवाले बांधवांच्या मुली नर्सिंग शिकून परदेशी जाण्याचा विचार करू लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण आम्ही कापडवाले. ठाण हातात घेतले की आधी पोत आणि पन्हा पाहतो, मग भाव बोलतो. या सौद्यातही तेच करावे, एवढेच सांगायचे आहे.

काही वर्षांपूर्वी शिलाईकाम करणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनी मुलीला आखातात पाठवण्यासाठी एका दलालाला तीन लाख रुपये दिले. घरातले दागिने मोडले, उरलेले कर्ज काढले. पावती नाही, परवाना नंबर नाही. मुलीचे शिक्षण ए.एन.एम. होते. पुढे करारनामा आला, तो म्हाताऱ्या माणसांची घरी देखभाल करण्याचा. मुलगी गेली नाही आणि पैसेही परत आले नाहीत. या माणसाची पहिली बैठक आमच्याच दुकानात झाली होती, चहा आम्हीच पाजला होता. दुकानाकडे पाहून त्यांनी भरवसा ठेवला, हा सल आजही जात नाही.

या धंद्याचे मोठे उदाहरण म्हणजे फिलिपाईन्स. १९७४ च्या कामगार कायद्यापासून त्या देशाने माणसे परदेशी पाठवणे हे सरकारी धोरणच केले. चार वर्षांची नर्सिंगची पदवी इंग्रजीतून असल्याने तिथल्या नर्स अमेरिका, ब्रिटन, सौदी अरेबियात पोहोचल्या. त्यांनी पाठवलेल्या पैशावर घरे उभी राहिली, भावंडे शिकली. पण २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा घरच्याच इस्पितळांना नर्स हव्या होत्या. सरकारला त्यांचे जाणे थांबवावे लागले. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली, तीही वर्षाला ५,००० ची मर्यादा घालून. वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीला उपकेंद्रातली नर्स हीच डॉक्टर असते, म्हणून हा धडा आपल्यालाही लागू आहे. तरीही, इथे पगार तुटपुंजा ठेवून मुलींना 'जाऊ नका' म्हणण्याचा हक्क कोणाला नाही. जायचे तर फसून जाऊ नये, एवढे आपल्या हातात आहे.

आता दलालीचा हिशेब. १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली भरती करणाऱ्या एजंटाला सरकारी परवाना लागतो. त्याचे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जी.एस.टी. धरला तर ३५,४०० रुपये. २०१५ साली केरळातील कुवेत भरतीचे प्रकरण सी.बी.आय.कडे गेले. १९,५०० रुपयांच्या जागी प्रत्येक नर्सकडून १९ लाख ५० हजार घेतल्याचा आरोप होता, म्हणजे शंभरपट. कोणता व्यापारी असा माल उचलेल? त्याच वर्षी केंद्राने आखातासह १८ देशांची नर्सभरती सरकारी संस्थांमार्फत करण्याचा नियम आणला. म्हणून आज परवानगी कोणाला आहे, हे 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पाहूनच पुढे बोलावे.

मालाची परीक्षाही करावी. ए.एन.एम. दोन वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. परदेशात नर्सच्या जागेसाठी सहसा शेवटची दोनच चालतात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि इस्पितळातला अनुभव हवा. त्याशिवाय आखातासाठी तिथली परवाना परीक्षा आणि ब्रिटनसाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही होत्या. पण तिथे नर्सला बहुधा बी-२ पातळीची जर्मन भाषा यावी लागते. आमचे शिक्षण उर्दूतून झाले. मराठी बाजारात आणि इंग्रजी बिलांवर शिकताना किती वर्षे गेली, ते आम्हाला ठाऊक आहे. म्हणून तीन लाख दलालाला देण्याऐवजी त्यातले काही पैसे मुलीच्या भाषेच्या शिकवणीला लावा. ते भांडवल कोणी पळवू शकत नाही.

शेवटी, खतावणी काढून दोन रकाने पाडा. एकीकडे शिकवणी, परीक्षा, तिकीट, शुल्क. दुसरीकडे करारनाम्यातला पगार, त्यातून राहण्या-खाण्याचा खर्च वजा. पहिल्या वर्षात खर्च निघत नसेल तर सौदा पुन्हा तपासा. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. करारनामा मुलीला स्वतः वाचू द्या आणि त्याची एक प्रत घरी ठेवा.

आणि दुकानदार बंधूंनो, अनोळखी दलालाला आपल्या गादीवर बसवू नका. त्याने आणलेल्या कागदापेक्षा लोक आपल्या दुकानाच्या नावावर विश्वास ठेवतात.