आधी श्वास, मग शब्द

मी कतारच्या उत्तर टोकाला, अल रुवैसला राहतो. आई नाशिकला. फोनवर ती रोज विचारायची, "जेवलास का रे?" मी वैतागून म्हणायचो, "मी काय लहान आहे का?" एक दिवस तिनं विचारणंच सोडलं.

सुट्टीत मी इगतपुरीच्या धम्मगिरीला गेलो. तिथे १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात. बुद्धांनी शिकवलेलं आनापान आधी शिकवतात: आपला श्वास नुसता बघायचा.

राग आला की श्वास बदलतो, हे तिथे कळलं. आई बदलली नाही. मी थांबायला शिकलो. आता मीच विचारतो, "आई, जेवलीस का?"

शब्दार्थ: वैतागणे – कंटाळून चिडणे

सांगा: तुम्ही घरी कोणावर चिडता? आज बोलण्याआधी तीन श्वास बघा.